न चढलेला रंग

तार्तू, नोव्हेंबर. दुपारी साडेतीनलाच
खिडकीतली नदी पुसली जाते.
मी दिवा लावत नाही,
सूक्ष्मदर्शकाचा पुरतो.

इंगे-माईने मेणाच्या ठोकळ्यातून चकत्या काढल्यात,
चार मायक्रॉनच्या.
श्वास सोडला तरी उडतील, म्हणून
कापताना ती बोलत नाही.
एरवी थांबत नाही.

पहिली: लेइडा पर्नपू, वय एकाहत्तर,
गर्भाशयाच्या अस्तराची गाठ.
चाळीस वर्षं वर्तमानपत्रात मुद्रितशोधक.
हे फॉर्मवर नसतं खरं तर,
पण डॉक्टर उर्वेने कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलंय,
"बाईंनी आपल्या संमतिपत्रातल्या
तीन चुका दुरुस्त करून दिल्या."

त्यांच्या गाठीतला मुद्रितशोधक मात्र
कामावर आलेला नाही.
एका पेशीच्या दोन होतात, मजकूर उतरवला जातो,
चूक राहते,
पुढची प्रत त्या चुकीलाच मूळ समजते,
आणि कुणीही समासात खूण करत नाही.

चार प्रथिनं बघायची. चार काचा.
दोन काचांवर तपकिरी रंग चढलाय,
दोनवर नाही:
गाठीची केंद्रकं निळसर, फिकी,
दिवे न लागलेल्या घरांसारखी.
त्यांच्या फटींतल्या निरोगी पेशी मात्र तपकिरी,
राईच्या पावाच्या कडेइतक्या.
म्हणजे रसायन बिघडलेलं नाही.
म्हणजे नाही ते खरंच नाही.
तरी मी काच पुन्हा सरकवते.
वीस वर्षं झाली, 'आहे' लिहिताना हात चालतो,
'नाही' लिहिताना अडतो.

आणि गंमत अशी
(गंमत हा शब्द नको, पण दुसरा सापडत नाही)
की हे 'नाही'च त्यांच्या उपयोगी पडेल.
इतक्या चुकांची गाठ बोलायला लागली
की परकी म्हणून ओळखू येते.
रक्तातले पहारेकरी दाराशीच उभे असतात,
फक्त तिने त्यांच्या डोळ्यांवर हात ठेवलेला असतो.
औषध गाठीला शिवत नाही.
तो हात बाजूला करतं.

करतं, म्हणजे दहातल्या चार-पाच जणींत.
बाकीच्यांत का नाही
ते या काचेवर दिसत नाही.

दुसरी: हिल्या कास्क, एकोणसाठ,
सारेमाच्या फेरीबोटीवर स्वयंपाकीण.
चारही काचा तपकिरी.
नेटकं, शुद्ध, एक काना इकडचा तिकडे नाही.
असं शुद्धलेखन ही बरी बातमी नव्हे
हे मी अहवालात कुठल्या शब्दांत लिहू?
मी 'अबाधित' लिहिते.
नियमाप्रमाणे तोच शब्द आहे.
मग तिचा ठोकळा पुढे पाठवते,
आणखी एका जनुकासाठी,
एखादी दुर्मिळ चूक सापडते का बघायला.
माणसाच्या शरीरात चूक निघावी
म्हणून मनातल्या मनात हात जोडणं
कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

बर्फ पडला, नदी गोठली, माणसं तिच्यावरून चालली.
आमच्याकडे काचा येतात,
माणसं येत नाहीत,
पुढे काय झालं तेही येत नाही.

आज टपालाने एक लिफाफा आला.
आत माझाच अहवाल, छापील.
एका शब्दातल्या दोन स्वरांवरचे ठिपके
माझ्याकडून राहिले होते,
ते लाल शाईने दिलेत,
समासात नीट खूण करून.
गाठीबद्दल अवाक्षर नाही.
खाली थरथरती सही: ले. पर्नपू.
सहीखाली तारीख, एप्रिलची.
मी बोटांवर महिने मोजले.

इंगे-माई म्हणाली, फाइलला लावू?
म्हटलं, थांब, आधी दुरुस्त प्रत काढू.

त्याच टपालात
हिल्या कास्कचा जनुक-अहवालही आहे.
पातळ पाकीट.
अजून फोडलेलं नाही.